फोटो कुणाचा, चेहरा कुणाचा

वसई-विरार पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांची पत्रकं, वेबसाइट आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट मी करते. वालीवचे कारखानदार, नालासोपाऱ्याचे दाताचे डॉक्टर, राजोडीला दोन खोल्या भाड्याने देणारं कुटुंब, क्लासवाले, केटरर, अधूनमधून एखादा बिल्डर. मजकुरावर सगळे हौसेने बोलतात, पैशांवर जास्तच बोलतात. फोटोचा विषय निघाला की मात्र एकच उत्तर येतं, “गुगलवरून घ्या ना ताई, तिथे काय कमी आहेत?” या उत्तराशी रोज झगडताना जे कळलं ते इथे मांडते. मी वकील नाही. हातात नोटीस असेल तर आधी वकील गाठा, हे नंतर वाचा.

१. गुगल फोटो दाखवतं, देत नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार फोटो निघाला की त्यावरचा हक्क तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात खूण लागत नाही, फोटोग्राफरचं नावही लागत नाही. त्यामुळे “वॉटरमार्क नव्हता हो” ही सबब टिकत नाही. नाव असलेला वॉटरमार्क मुद्दाम कापून टाकला असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण २०१२ च्या दुरुस्तीपासून तसं करणं हा वेगळा गुन्हा आहे. अभ्यास, समीक्षा, बातमी यांच्यासाठी कायद्यात सवलती आहेत. दुकानाच्या जाहिरातीला त्यांतली एकही लागू पडत नाही.

कलम ६३ मध्ये शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. एका फोटोसाठी कुणाला बेड्या पडलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. येतं ते मागणीपत्र, आणि त्यातला आकडा असा असतो की त्या पैशांत वर्षभराचे फोटो विकत घेता आले असते.

गुगलच्याच फोटो-शोधात ‘टूल्स’खाली वापराच्या हक्कांची गाळणी आहे. ती लावा, पण तिच्यावर विसंबू नका. समोरच्या पानाने स्वतःबद्दल जे सांगितलेलं असतं तेच ती दाखवते. फोटोवर टिचकी मारून मूळ पानावर जायचं आणि परवाना तिथे वाचायचा. २०१८ मध्ये गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीशी तडजोड झाल्यावर गुगलने फोटो थेट उघडून देणारं बटण काढलं, ते याचसाठी. लोकांनी मूळ पानावर जावं. लोक आता स्क्रीनशॉट काढतात, ही गोष्ट निराळी.

२. फुकटच्या साइटवरही अटी असतात, आणि त्या बदलतात.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे ही तीन नावं माझ्या कामात रोजची. तिन्हींवरचे फोटो धंद्यासाठी फुकट वापरता येतात, श्रेय देणं सक्तीचं नाही. सुरुवातीला अनस्प्लॅश आणि पिक्साबेवरचे फोटो पूर्ण मुक्त होते. मग अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये स्वतःचे परवाने आणले. २०२१ मध्ये तर अनस्प्लॅश गेटीच्याच मालकीचं झालं. आजच्या अटींप्रमाणे फोटो आहे तसाच पोस्टर म्हणून किंवा कपावर छापून विकता येत नाही. फोटोत दिसणारी माणसं, कंपन्यांची चिन्हं, कुणाची चित्रं यांच्याबद्दल साइट कसलीही हमी घेत नाही.

मोठा धोका वेगळाच आहे. कुणीतरी दुसऱ्याचा फोटो स्वतःचा म्हणून तिथे चढवलेला असू शकतो. उद्या तो तिथून काढला गेला की तुम्ही तो कुठून घेतला याचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही. म्हणून फोटो डाउनलोड करताना त्या पानाचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारीख गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे. याच फोल्डरने एकदा एका डॉक्टरांची मोठी कटकट वाचवली.

३. रॉयल्टी-फ्री फोटोला पैसे पडतात.

एकदा पैसे भरले की दर वेळी वेगळे भरायचे नाहीत, एवढीच ती सूट. शटरस्टॉक किंवा अडोबी स्टॉकच्या साध्या परवान्यावर पाच लाख छापील प्रतींपर्यंत चालतं. विरारच्या कुठल्याही केटररला तेवढं आयुष्यभर पुरेल. टी-शर्टवर, कॅलेंडरवर छापून माल विकायचा असेल तर वरचा परवाना घ्यावा लागतो. ज्या फोटोखाली ‘एडिटोरियल’ लिहिलेलं असतं तो बातमी-लेखांसाठी. पैसे भरले तरी जाहिरातीत लावायचा नाही.

४. क्रिएटिव्ह कॉमन्सची अक्षरं पाठ करा.

विकिमीडिया कॉमन्स हा मराठी माणसाला सर्वांत उपयोगी साठा आहे आणि सर्वांत कमी वापरला जाणारा. तिथे प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. ‘सीसी बाय’ असेल तर फोटोग्राफरचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा देऊन कशालाही वापरा. ‘एसए’ जोडलेलं असेल तर फोटोत फेरफार करून केलेलं चित्रही त्याच परवान्यावर खुलं ठेवावं लागतं. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही, ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे द्यायचा नाही. शेवटची दोन कॉमन्सवर घेतच नाहीत, पण फ्लिकरवर भरपूर दिसतात. दवाखान्याची वेबसाइट म्हणजे धंदा नव्हे, असं मला एका डॉक्टरांनी पटवून द्यायचा प्रयत्न केला होता. मी बिलबुकाकडे बोट दाखवलं.

परवान्याच्या नावापुढचा आकडाही बघा. ४.० मध्ये श्रेय द्यायचं राहिलं आणि लक्षात आल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली, तर परवाना पुन्हा लागू होतो. २.० सारख्या जुन्या आवृत्त्यांत ही सोय नाही. तिथे श्रेय चुकलं की परवाना तिथल्या तिथे संपतो. काही लोक जुन्या परवान्यावर फोटो मोकळे सोडतात आणि श्रेय विसरणाऱ्यांकडून पैसे वसूल करतात, हा परदेशात एक धंदाच होऊन बसला आहे.

फ्लेक्सवर श्रेय लिहायला गिऱ्हाइकं नाखूश असतात. खालच्या कडेला बारीक अक्षरांत एक ओळ जाते, मुद्रकाच्या नावाशेजारी. मुद्रकाचं नाव चालतं आणि फोटोग्राफरचं चालत नाही, हे मला कधी समजलेलं नाही.

५. फोटोचा परवाना मिळाला म्हणून चेहऱ्याचा मिळत नाही.

माझ्या मते हा सगळ्यांत जड मुद्दा आहे आणि नेमका हाच कुणी विचारत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका महिलेची याचिका आली. स्थानिक फोटोग्राफरने आपला फोटो काढला, न विचारता शटरस्टॉकवर चढवला, आणि तिथून तो महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, ओडिशा या सरकारांच्या, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या आणि काँग्रेस पक्षाच्या जाहिरातींत गेला, अशी तिची तक्रार होती. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने आजच्या समाजमाध्यमांच्या काळात हे प्रकरण गंभीर असल्याचं म्हटलं आणि सगळ्यांकडून उत्तर मागवलं. ज्या खात्यांकडे विधी विभाग आहेत, जाहिरात संस्था आहेत, त्यांच्यावर ही वेळ येते. मग आपल्या क्लासवाल्यांनी कुणाच्या जिवावर निर्धास्त राहायचं?

जगात याची जुनी उदाहरणं आहेत. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हर्जिन मोबाइलने फ्लिकरवरचा एका मुलीचा फोटो जाहिरातीत वापरला. फोटोवर सीसी बाय होतं, म्हणजे फोटोग्राफरची परवानगी पक्की होती. मुलगी टेक्सासमधली, शाळकरी. तिला किंवा घरच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कुटुंब कोर्टात गेलं. तो खटला अमेरिकेत अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाला, पण कंपनीची नाचक्की व्हायची ती झाली.

पैसे देऊन घेतलेल्या स्टॉक फोटोखाली ‘मॉडेल रिलीज’, म्हणजे फोटोतल्या माणसाची लेखी संमती, आहे का ते लिहिलेलं असतं. ते असेल तरच जाहिरातीत घ्या. असलं तरी तारतम्य सोडू नका. गुप्तरोग, कर्ज, वंध्यत्व, व्यसनमुक्ती अशा विषयांवर कुणाचाही ओळखू येणारा चेहरा लावू नका. पेक्सेल्ससारख्या साइट तर त्यांच्या अटींतच सांगतात की माणसाला वाईट उजेडात दाखवू नका आणि तो तुमच्या मालाची शिफारस करतोय असं भासवू नका. ‘आमचे समाधानी रुग्ण’ या मथळ्याखाली परदेशी मॉडेलचं हसू लावणं या अटीत बसत नाही, आणि खरं तर ते खोटंच आहे.

सिनेमातल्या चेहऱ्यांबद्दल दोन शब्द. ब्युटी पार्लरच्या काचेवर नटी आणि जिमच्या फ्लेक्सवर नट लावायची आपल्याकडे पद्धतच आहे. अमिताभ आणि जया बच्चन यांच्या तनिष्कच्या जाहिरातीची हुबेहूब नक्कल उत्तर प्रदेशातल्या एका सराफाने होर्डिंगवर लावली, तेव्हा २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जाहिरातीचा कॉपीराइट आणि प्रसिद्ध व्यक्तीचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क, दोन्ही मोडल्याचं ठरवलं. होर्डिंग महानगरातलं नव्हतं म्हणून सुटका झाली नाही.

६. स्टॉकमध्ये आपली वसई सापडत नाही.

सुकेळ्यांच्या पाकिटासाठी फोटो हवा होता. ‘ड्राइड बनाना’ टाकलं की पिवळेधमक वेफर्स येतात. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली तपकिरी सुकेळी त्यात मिळत नाहीत. ‘इंडियन फार्मर’ शोधलं की फेटा बांधलेला माणूस गव्हाच्या शेतात उभा. आमचा वाडीवाला केळी, पानवेल आणि सोनचाफ्यात असतो, त्याच्या वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, असतं आणि तो फेटा बांधत नाही. ‘इंडियन ब्राइड’ म्हटलं की लाल लेहेंगा. हिरवा चुडा आणि मुंडावळ्या शोधायला पानामागून पानं पालथी घालावी लागतात. सामवेदी ख्रिस्ती लग्नाचा फोटो मागितला तर विचारायलाच नको.

यावर लोकांचा तोडगा ठरलेला: कुठलाही फोटो लावा, कोण बघतंय? २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उत्तर प्रदेशच्या विकासाची पानभर जाहिरात इंडियन एक्सप्रेसमध्ये आली. त्यातला उड्डाणपूल निघाला कोलकात्याचा, वर पिवळ्या टॅक्सीसकट. वृत्तपत्राला आपल्या मार्केटिंग विभागाची चूक कबूल करावी लागली. बघणारे असतात.

आपल्याकडे त्याहून सरळ अडचण आहे. होमस्टेच्या जाहिरातीत निळंशार पाणी आणि पांढरी वाळू लावली, आणि पाहुणा राजोडीच्या काळपट वाळूवर उतरला, तर तो पैसे परत मागणार. राजोडीचा किनारा सुरूच्या बनासकट छान आहे, तोच दाखवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेलाच दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बिल्डरांसाठी रेराच्या कलम १२ मध्ये खोट्या जाहिरातीला भुलून पैसे भरणाऱ्याला भरपाईची तरतूद आहे. विरारच्या इमारतीच्या ब्रोशरवर सिंगापूरचा तरणतलाव लावणाऱ्यांनी हे कलम एकदा सावकाश वाचावं.

एआयने केलेल्या चित्रांनाही मी इथेच धरते. वसईचा किल्ला मागितला की ते राजस्थानी किल्ल्याला समुद्र जोडून देतं. पार्श्वभूमीला, नक्षीला वापरा. जागा, माल आणि माणूस खरा दाखवायचा असेल तिथे वापरू नका.

७. म्हणून इथलाच फोटोग्राफर बोलवा, आणि कागद करा.

लग्नसराई संपली की आपल्या भागातल्या बहुतेक फोटोग्राफरांचे हात मोकळे असतात. तीन-चार दुकानदारांनी मिळून एक दिवस ठरवला तर प्रत्येकाला वर्षभर पुरतील एवढे फोटो निघतात, आणि हिशेब स्टॉकच्या वार्षिक वर्गणीपेक्षा फार लांब जात नाही.

इथे कायदा अनेकांना चकित करतो. कलम १७ प्रमाणे तुम्ही पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिले मालक तुम्ही. फोटोग्राफर नाही. नोकरीतल्या माणसाने नोकरीचं काम म्हणून काढला तर मालक त्याचा मालक. लग्नाच्या अल्बमलाही हेच लागू. फोटोग्राफरला ते फोटो स्वतःच्या जाहिरातीत लावायचे असतील तर घरच्यांना विचारायला हवं, आणि हॉलवाल्याला हवे असतील तर त्यानेही. फोटोग्राफर मंडळींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यांनी आधीच लिहून घ्यावं, कायदा तशी मुभा देतो.

कागद एका पानाचा पुरतो. कोणते फोटो, कुठे वापरायचे, किती काळ, मालकी कुणाची, फोटोग्राफरला स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील का, श्रेय कसं द्यायचं. फोटोत येणाऱ्या प्रत्येक माणसाची वेगळी सही, मराठीत, त्याला वाचून दाखवून. लहान मूल असेल तर आई-वडिलांची. बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींचा फोटो पाकिटावर येणार असेल तर त्यांना तसं सांगायचं आणि मोबदला द्यायचा. “मावशी, एक फोटो काढू का?” या प्रश्नाला मिळालेला होकार फोटो काढण्यापुरता असतो. पाकिटावर छापण्याला तो होकार नव्हे.

८. किल्ला, चर्च, स्टेशन.

इमारतीचा किंवा सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कलम ५२ परवानगी देतं. त्यामुळे चिमाजी अप्पांच्या स्मारकाचा फोटो वेबसाइटवर टाकायला शिल्पकाराकडे जावं लागत नाही. पण कॉपीराइट नसणं आणि चित्रीकरणाची मोकळीक असणं वेगळं. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिथे साधा फोटो काढणं आणि मॉडेल, दिवे, जनरेटर घेऊन जाहिरातीचं चित्रीकरण करणं यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी आधी परवानगी लागते. रेल्वेच्या हद्दीतही तसंच. विरार लोकलच्या गर्दीचा फोटो कितीही हवासा वाटला तरी फलाटावर जाहिरातीचं शूटिंग विनापरवाना करू नये. नंदाखाल, पापडी, निर्मळच्या चर्चमध्ये फादरना विचारा, मिस्सा चालू असताना कॅमेरा बाहेर काढू नका. हे कायद्यात शोधायची गरज नाही.

९. जुनं ते सगळंच मोकळं नसतं.

दिवाळी आली की सराफांना लक्ष्मी लागते. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचली. ती चित्रं आज कुणीही छापावीत, कॉमन्सवर चांगल्या प्रती आहेत. पण चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. व्हॉट्सॲपवर त्यांची देवदेवतांची चित्रं दर सणाला फिरतात म्हणून ती मोकळी झालेली नाहीत.

फोटोंचं गणित पूर्वी वेगळं होतं. प्रसिद्धीपासून ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने तेही फोटोग्राफरच्या आयुष्यावर नेऊन बसवलं. दुरुस्तीआधी ज्यांची मुदत सरली ते, म्हणजे १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेले फोटो, मोकळेच राहिले. जुन्या वसईचा एखादा फोटो सापडला तर तो कधी काढला यापेक्षा कधी आणि कुठे छापला गेला, हे आधी शोधा.

१०. नोटीस आली तर.

घाबरून लगेच पैसे भरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. फोटो ताबडतोब उतरवा, त्याआधी पानाचा स्क्रीनशॉट घ्या. फोटो उतरवल्याने मागचा वापर पुसला जात नाही, पण नुकसान वाढायचं थांबतं. डिझायनरला लेखी विचारा, कुठून घेतला? मग नोटीस देणाऱ्याकडे मालकीचा किंवा अधिकारपत्राचा पुरावा मागा. हा प्रश्न उद्धट नाही. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकर्तीने आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन लोकांसाठी मोकळे केले होते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तिलाच, तिनेच काढलेला फोटो तिच्या संस्थेच्या वेबसाइटवर लावल्याबद्दल १२० डॉलरची मागणी आली. ती कोर्टात गेली, तिचे मुख्य दावे फेटाळले गेले. पण अशा पत्रांमागे नेहमी खरा मालक असतोच असं नाही, हे जगाला कळलं. आपल्या कायद्याचं कलम ६० निराधार धमकीविरुद्ध कोर्टात जाण्याची वाट देतं. उलट नोटीस खरी असेल, तर रास्त रकमेवर तडजोड करा आणि तडजोडीच्या कागदात मागचा सगळा वापर मिटल्याचं लिहून घ्या.

११. आणि एक मागणं.

अर्नाळ्याच्या जेट्टीवर, तुंगारेश्वरच्या पावसात, आगाशीच्या वाड्यांत फिरून सुंदर फोटो काढणारी खूप मुलं-मुली इथे आहेत. ते फोटो इन्स्टाग्रामवर दोन दिवस मिरवतात आणि खाली जातात. त्यातले पाच-दहा, नाव, गाव आणि तारीख घालून, सीसी बाय परवान्यावर विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. मथळा मराठीत लिहा, इंग्रजीतही लिहा. जो वापरेल त्याला तुमचं नाव द्यावं लागेल. फोटोत माणूस ओळखू येत असेल तर आधी त्याला विचारा. बावखलांपासून सुरुवात केलीत तर बरं होईल, कारण ती बुजवली जात आहेत.